जनकाबाईची न्हाणी

पस्तीस वर्षं शिरड शहापुरात जे लेकरू जन्मलं, ते पहिलं न्हालं जनकाबाईच्या पायांवर. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं आन् वरून ऊन पाण्याचे तांबे. लेकरू बोंबललं की ही म्हणायची, "रड, रड! तुझ्या बापानंबी असंच गाव डोक्यावर घेतलं होतं." शेजारची गोजरबाई म्हणायची, गावातले निम्मे कर्ते पुरुष जनकाच्या पायावर मुतलेले हायेत. खोटं नव्हतं.

मग दोन हजार एक साली कमरेनं दगा दिला. डावा पाय कुल्ह्यापासून टाचेपर्यंत पेटायचा. बाजारात जायचं तर वाटेत तीनदा टेकावं लागायचं. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला. कमरेतले मणके जागेवरून पुढं सरकले होते. इस्क्रू टाकून, कुल्ह्याचं हाड लावून तीन मणके एकमेकांना जोडावे लागणार होते. नवरा अमृतराव जाऊन सात वर्षं झालेली, एकुलती लेक दीक्षा नुकतीच हिंगोलीला नांदायला गेलेली. जनकाबाईनं एकटीनंच विचारलं, "साहेब, पाय दुखायचा थांबंल ना?"

"थांबेल," डॉक्टर म्हणाला.

आता बघा, जन्मभर लेकरं न्हाऊ घालणारी बाई! तिनं पायाचं विचारलं आन् वाकण्याचं विचारायचं राहूनच गेलं. दुखण्यानं माणसाची अक्कल अशी गहाण पडते.

ऑपरेशन चांगलं झालं, त्याला बोल लावायला जागा न्हाई. वर्षानं नव्या फोटोत हाड जुळलेलं दिसलं. पायातली आग गेली, बाई न टेकता स्टँडपर्यंत जाऊ लागली. "फक्त वाकू नका, ओझं उचलू नका," डॉक्टर खुशीत म्हणाला. गोजरबाईचा नातू झाला तेव्हा जनकाबाई हौसेनं पाटावर बसली. पाय लांब झाले, पाठ मात्र फळीसारखी ताठ. हात गुडघ्यापुढं जाईनात. लेकरू निसटलं, ते गोजरबाईनं वरच्यावर झेललं.

गावानं नावं ठेवली न्हाईत. ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं. लोक म्हणाले, "बाई, आता तुमी आराम करा," आन् लेकरं दुसरीकडं नेऊ लागले. चुलीवर पाणी तापायचं, ते एकटीपुरतं. दिवसभर घरात कुणाचा आवाज म्हणून न्हाई. इतकं सुनं तिला अमृतराव गेले तेव्हाबी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांनी गोजरबाईच्या घरी दीक्षाचा फोन आला. ती पोटुशी होती. "आई, कंबर बराबर झाली ना? सासूबाई इथंच राहा म्हणून राहिल्या. पण माझं लेकरू तूच न्हाऊ घालायचं. बाळंतपण झालं की येऊन सव्वा महिना राहीन."

"व्हय व्हय, ये की! बराबर झाली," जनकाबाई बोलून गेली.

मग दाराला कडी लावून तालीम सुरू झाली. लेकरू म्हणून पायावर भोपळा. तो रोज गडगडत मोरीला जाऊन धडकायचा. जनकाबाई त्याला शिव्या घालायची, आन् मग त्याला उचलता येईना म्हणून तिथंच बसून रडायची.

दीक्षा आली, दहा दिवसांची पोरगी घेऊन. सकाळी पाणी तापलं, पाट मांडला. जनकाबाई उभीच.

"आई, बस ना. काहून उभी?"

"मला वाकता येत न्हाई गं माये. खोटं बोलले मी. तू आली नसतीस म्हणून."

दीक्षानं आईकडं पाहिलं. मग लेकरू तिच्या हातात दिलं, स्वतः पाटावर बसली, पाय लांब केले आन् लेकरू परत आपल्या पायांवर घेतलं. जनकाबाईनं बादली ओट्यावर ठेवून घेतली आन् मागं उभी राहून पाणी घालू लागली. "मान तळहातावर घे. घाबरू नको, लेकराला कळतं. आता पालथं." जे हातात होतं ते सगळं तिनं तोंडानं दिलं. उभ्यानं नातीचं तोंड काही दिसायचं न्हाई. दिसायची ती दीक्षाची वाकलेली पाठ. ओल्या पोलक्याखाली मणके एकेक सुटे, हलणारे.

दीक्षा आल्याच्या बाराव्या दिवशी तिनं न्हाऊ घालताना एकदाबी मागं वळून कसं करू म्हणून विचारलं न्हाई. लेकरूबी रडलं न्हाई.

"आई, जमतंय की मला आता! सासूबाईचा निरोप आलाय. मग इतवारी जाते मी. उगं तुला तकलीफ कशाला?"

सव्वा महिना म्हणाली होती. जनकाबाईच्या हातातला तांब्या थांबला. इतकं चांगलं शिकवायला नको होतं, असं तिला वाटलं, आन् वाटल्याची लाजबी वाटली.

"जाय," ती म्हणाली. "फक्त वाकताना सावकाश वाकत जा."

आन् तिनं पाणी घातलं.