वेळेबाहेरचं पाणी

व्हॉल्व्हच्या लोखंडी चावीचं एक टोक खड्ड्यात, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. लग्न होऊन वरवंडजवळच्या आमच्या गावात आले, त्याच आठवड्यात बबनमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मला वाटलं, म्हातारा भर रस्त्यात फोनवर बोलतोय. मी हसले, तसे ते डोळे न उघडताच म्हणाले, "हसू नका. पाणी देवळापतुर आलंय. हंडा घिऊन या." आणि खरंच, मी घरी पोचते न पोचते तोच आमचा नळ फुसफुसायला लागला.

मामा गावचे पाणी सोडणारे. कुणाचा नळ चढावर, कुणाचा उतारावर, कुठल्या आळीला किती वेळ, सगळं त्यांच्या डोक्यात. गावच्या सुनांना ते माहेरच्या गावावरून हाक मारायचे, म्हणून मी शिरूरकर. "काय शिरूरकर, घोडनदीचं पाणी ग्वाड का आमचं?" हे रोजचं. मी मुद्दाम घोडनदीचं म्हणायचे. मग खवळायचे, "मंग ह्ये कशाला भरताय? जावा की तिकडं हंडा घिऊन!"

सासरे गेले तेव्हा मी नवीनच होते. मातीला गेलेली माणसं परत येणार, त्यांच्या आंघोळीला पाणी हवं, आणि आमच्या आळीची पाळी दुसऱ्या दिवशी. पिंपात वीतभर पाणी. रडू सासऱ्यांसाठी यायला हवं होतं, मला पाण्यासाठी येत होतं. तेवढ्यात मोरीतला नळ वाजला. मामांना सांगायला कुणीही गेलं नव्हतं. बाहेर डोकावले तर ते कोपऱ्यावर चावी घेऊन उभे, टोपी काढून काखेत धरलेली. पुढं आभार मानायला गेले तर केवढे चिडले! "आभार कसलं? ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याला पाणी मागाया लावायचं व्हय?"

कुणाचंही घर असो. जात बघितली नाही, की निवडणुकीत कोण कुणाकडं होतं ते बघितलं नाही.

मग गावात स्मार्ट पाणीपुरवठा आला. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक डबा, डब्यात सिमकार्ड. टाकीत किती पाणी आहे ते मोबाईलवर दिसतं, ठरल्या वेळी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो नि मिटतो. मी तोवर ग्रामपंचायतीत संगणक परिचालक झाले होते, म्हणून तो मोबाईल माझ्याकडे आला. उगाच नावं कशाला ठेवू? सोय झाली. नळावरची भांडणं कमी झाली, टाकी भरून वाहायची थांबली. मामांना झाडलोटीला ठेवलं. खराटा टेकवून ते माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे आणि पडद्यावरचे हिरवे ठिपके बघायचे.

"शिरूरकर, किती पाणी गेलं त्ये ह्याला कळतंय. पर कुणाच्या घरी काय झालंय, त्ये कसं कळायचं?"

"ते मी सांगेन की त्याला."

"मंग काय घोर न्हाई," मामा म्हणाले.

आणि माळआळीत एक म्हातारी वारली तेव्हा मी खरंच बटण दाबलं. अर्धा तास पाणी सोडलं. पण वेळेबाहेर व्हॉल्व्ह उघडला की सगळ्या सदस्यांच्या फोनवर मेसेज जातो, हे मला कुठं माहीत! संध्याकाळी एक सदस्य येऊन माझ्यावर खेकसला, म्हणे मी माझ्या माणसांना पाणी देते. माळआळीतलं कुत्रंही माझ्या ओळखीचं नव्हतं. पण ग्रामसेवकांनी मला लेखी नोटीस दिली, पुन्हा असं केलं तर घरी बसावं लागेल.

पुढं आणखी एका घरी माणूस गेलं, ते सांगायला मामा आले तेव्हा मी म्हणाले, "आता माझ्या हातात नाही मामा. ही सिस्टीम वेळेबाहेर उघडूच देत नाही."

साफ खोटं. बटण होतं तिथंच होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, हे सांगायची लाज वाटली आणि सगळं यंत्रावर ढकलून दिलं. "बरं," म्हणून मामा खराटा घेऊन निघून गेले.

त्या उन्हाळ्यात त्यांची बायको, हिरामामी गेल्या. सकाळी चहा टाकताना खाली बसल्या, त्या बसल्याच. मामांच्या आळीची पाळी संध्याकाळी होती. मी ऑफिसात, मोबाईल समोर. कुणीतरी येऊन सांगेल, मग दाबीन, म्हणजे माझ्यावर येणार नाही, असा हिशेब करत बसले. कुणाची वाट बघत होते मी? ज्या माणसानं जन्मात कुणाला मागायला लावलं नाही, त्यानं बायकोची चिता पेटवून माझ्याकडं मागायला यावं?

कुणीच आलं नाही. दुपारी मोबाईल पर्समध्ये टाकून त्यांच्या घरी गेले. मातीहून आलेली माणसं उन्हात लिंबाखाली ताटकळलेली, आणि मामा शाळेच्या हातपंपावरून दोन्ही हातांत बादल्या घेऊन येत होते. पुतण्या बादल्या ओढून घेत होता, ते सोडत नव्हते. "लोकं खोळंबल्यात. सोड म्हंतो न्हवं!" पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला बघवेना. मी तिथंच हमसाहमशी रडायला लागले.

मामांनी बादल्या खाली ठेवल्या. "रडू नका शिरूरकर. तुमच्या हातात असतं तर तुमी सोडलं नसतं व्हय? मला ठावं हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं.

तेराव्यानंतर लेक त्यांना शिरूरला घेऊन गेली, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर. माहेरी गेले की मी भेटायला जायचे, आज सांगायचंच असं ठरवून. ते मला आधी पाणी द्यायचे, मग विचारायचे, "डबं नीट चालत्यात न्हवं? तुमास्नी तरास न्हाई ना?" मी नाही म्हणायचे, चहा घ्यायचे आणि परत यायचे. अशा किती फेऱ्या झाल्या!

यंदा श्रावणात ऑफिसात मामांच्या लेकीचा फोन आला. मामा जेवून आडवे झाले होते, उठवायला गेली तर गेलेले. मी निघते म्हटलं, तर ती म्हणाली, "आवरलं सगळं, ताई. घाईत कळवायचं राहून गेलं."

मी मोबाईल घेतला आणि मामांच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला. मेसेज जायचे तर जाऊ देत. मग चालत त्या आळीत गेले. मामांच्या दाराला कुलूप होतं. नळ अवेळी वाजला म्हणून बायका बाहेर आल्या होत्या, पण एकीच्याही हातात हंडा नव्हता.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"बबनमामा," मी म्हणाले. आणि मग तेही सांगितलं, की मामी गेल्या त्या दिवशी बटण चालत होतं, मोबाईल माझ्या पर्समध्ये होता, मी दाबलं नाही.

मामांची पुतणसून माझ्याकडं बघत राहिली. "मामंजींना सांगितलं हुतं का ह्ये?"

"नाही."

"मंग आता आमाला सांगून काय उपेग?" ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं.