‘कुड’च्या पुढचा ‘हॅव’

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्हांला पहिलं वाक्य मिळालं ते ‘मे आय कम इन सर’. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाला दार होतं, पण त्याला फळ्या नव्हत्या. तरी उशिरा आलेल्या मुलानं त्या चौकटीत उभं राहून हे वाक्य म्हणायचं आणि गुरुजींनी मान हलवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, असा नियम होता. ‘मे’ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. दारात उभं राहून म्हणायचं काहीतरी, एवढंच कळायचं.

पुढं आठवीत त्याच गुरुजींनी सहायक क्रियापदं शिकवली. ‘शुड’ म्हणजे पाहिजे. ‘मस्ट’ म्हणजे पाहिजेला ‘च’ लावायचा. ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ. या तीन वाक्यांवर मी बी.ए. झालो, एम.ए. झालो आणि केजच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवू लागलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझे वडील, अप्पा, वडवणीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचे. त्या गुरुजींचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण त्यांची तीन वाक्यं कुठपर्यंत पुरतात हे मला कळलं ते एका जपानी माणसामुळं.

त्या वर्षांत बाहेरच्या देशांतली यंत्रं आपल्याकडं येऊ लागली होती. केजबाहेरच्या एका सूतगिरणीत जपानी यंत्रं आली, आणि ती बसवायला तिघे जपानी आले. दोघे तरुण, एक पन्नाशी ओलांडलेले. त्यांना कामापुरतं इंग्रजी यायचं: ‘स्टॉप’, ‘स्टार्ट’, ‘नॉट गुड’. पण कामगारांना ते नुसतं ‘यू गो’, ‘यू स्टॉप’ म्हणायचे आणि कामगारांना वाटायचं साहेब चिडलेत. म्हणून गिरणीच्या मॅनेजरांनी मला संध्याकाळी त्यांना शिकवायला बोलावलं. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात प्लायवूडला काळा रंग देऊन फळा केला होता. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे आणि खडू हातात धरला की तोही मऊ लागायचा.

तरुण दोघे काही आठवड्यांत परत गेले. थोरले राहिले, आणि ते मात्र रोज बसू लागले. इथून पुढं त्यांचं बोलणं मी मराठीत देतो आहे. खरं तर ते तुटक इंग्रजीत व्हायचं, मध्ये एखादा जपानी शब्द, आणि हातवारे.

मी त्यांना ‘मस्ट’ शिकवला तेव्हा त्यांनी वहीत जपानीत काहीतरी लांबलचक लिहिलं. एवढ्याशा शब्दाला एवढं लांब कसं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “आमच्याकडं एक शब्द नाही. आम्ही म्हणतो, न गेलं तर होत नाही.”

मी म्हणालो, “आम्हीपण. गेल्याशिवाय भागत नाही.”

त्या दिवसापासून आमचा वेगळाच खेळ सुरू झाला. त्यांच्याही भाषेत क्रियापद शेवटी यायचं आणि त्याच्या मागून मदतीचं क्रियापद. जेवणात ठेचा आला की ते बोटाला लावून म्हणायचे, “ताबेते मिरु.” शब्दशः, खाऊन बघतो. इंग्रजीत हे ‘बघतो’ कुठं ठेवणार? इंग्रजीत मदतनीस पुढं चालतो, आपल्याकडं मागून येतो. मी त्यांना इंग्रजी शिकवत होतो, पण दोघेही आपापल्या भाषेच्या ओसरीवर बसून समोरच्या घराकडं बघावं तसे इंग्रजीकडं बघत होतो.

गिरणीसमोर एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. बूथवाला आमच्याच समाजातला, कपाळाला ठळक भस्म. आमचे तास येता-जाता त्याच्या कानावर पडायचे. तो म्हणायचा, “सर, ह्यांला सरळ मराठीच शिकवा की. लवकर यील. इंग्रजी कावून लावता मधी?”

“मग तुमची गिऱ्हाइकी बुडंल,” मी म्हणायचो. “इंग्रजी न्हाई आलं तर परदेशात फोन कोण करणार?”

“ते बी खरं हाय,” म्हणून तो पाणी आणायला उठायचा.

या सारखेपणानं एकदा पंचाईतही झाली. मॅनेजरांना ताप आला होता. थोरल्यांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं, ‘यू हॅड बेटर गो होम.’ मॅनेजर पुण्यात शिकलेले. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मास्तर, काय शिकवताय त्यांना? मला धमकी देतात, घरी जा नाहीतर बघा म्हणून.”

मी शब्दकोश काढला तेव्हा कळलं, त्या शब्दांना धार असते. मराठीत ‘तुम्ही घरी गेलेलं बरं’ हे केवढं मायेचं बोलणं. जपानीतही तेच, आणि तिथंही ‘गेलेलं’ असंच भूतकाळी रूप. आम्हां दोघांनाही इंग्रजीतली धार दिसलीच नव्हती. मी थोरल्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. वहीतला तो शब्द त्यांनी पट्टी लावून खोडला आणि म्हणाले, “बरं झालं. हा मी तिकडं वापरणार होतो.”

तिकडं म्हणजे कुठं, ते त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी मला विचारलं, “परवानगी मागायचा सगळ्यात खाली वाकलेला शब्द कुठला?”

मी म्हणालो, “मे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकच मुलगी. अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. यांना ते पसंत नव्हतं. लग्नाला गेले नाहीत. पुढं ती आजारी पडली तेव्हा हे कुठल्यातरी देशात यंत्र बसवत होते. हे काम झालं की जाऊ, असं म्हणत राहिले. काम संपायच्या आत ती गेली. तिच्यामागं एक लहान मुलगी आहे, तिला जपानी येत नाही. जावयालाही फारसं येत नाही. आता यांना तिथं जायचं होतं. लेकीला जिथं पुरलं ती जागा बघायची होती, नातीला एकदा बघायचं होतं. पण जावयानं ये म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

“यंत्राला विचारावं लागत नाही,” ते म्हणाले. “म्हणून हे शब्द मी कधी शिकलो नाही.”

त्यानंतर आमच्या तासांना दुसरा विषय उरला नाही. ‘कॅन आय कम’ नको, त्यात हक्क वाटतो. ‘आय वॉन्ट टु कम’ नको. ‘मे आय कम’. ते वाक्य ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणायचे आणि मला आमच्या शाळेचं दार आठवायचं. मी त्यांना हेही सांगून ठेवलं की उत्तरात ‘यू मे’ येईल किंवा ‘यू कॅन’ येईल. आणि ‘कुड’ आला तर समजा माणूस जास्त अदबीनं बोलतो आहे.

एका रविवारी संध्याकाळी जावयाला फोन लावायला आम्ही बूथवर गेलो. तिकडं तेव्हा सकाळ. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि काचेच्या खोक्यात शिरले. बूथवाल्यानं पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बोलताना ती दोन-तीनदा कमरेतून वाकली, समोर कुणी उभं असावं तशी. फोन फार वेळ चालला नाही.

बाहेर आले ते हसत. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“सर, पावणं लई खुशीत हाय,” बूथवाला हळूच म्हणाला. “काम झालं जणू.”

“तो म्हणाला, यू कुड,” थोरले म्हणाले. “कॅन नाही. कुड. अदबीनं.”

मी त्यांचा हात हातात घेतला. गिरणीकडं चालू लागलो. फाटकापाशी ते थांबले.

“एक विचारायचं राहिलं. तो म्हणाला, यू कुड हॅव कम. हा हॅव कशाला?”

सोमवारी सांगतो असं म्हणता आलं असतं. पण ते वहीत तिकिटाच्या तारखा लिहून बसले असते. शिवाय ते माझ्याकडं, मी गुरुजींकडं बघायचो तसे बघत होते. तसं बघणाऱ्या माणसाला चुकीचं उत्तर देणं मला जमलं नसतं.

मी म्हणालो, “हॅव आला की ते मागं जातं. तुम्ही येऊ शकला असता, असा त्याचा अर्थ. येता आलं असतं. पण आला नाहीत.”

ते जपानीत काहीतरी म्हणाले. त्याच्या शेवटी ‘नोनी’ असा शब्द होता. मी विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं, “आमच्याकडं या शब्दावर वाक्य अर्धं सोडतात. पुढचं बोलत नाहीत.”

“आमच्याकडं ‘तर’वर सोडतात,” मी म्हणालो. “आला असता तर.”

पुढचे काही दिवस ते तासाला बसले नाहीत. यंत्रांवरचं काम मात्र चालू होतं. कामगार म्हणाले, जपानी बाबा जेवतच न्हाईत. नंतर एके दिवशी ते स्वतःच खुर्ची घेऊन व्हरांड्यात आले आणि म्हणाले, “एकच वाक्य पाहिजे. जाण्याबद्दल काही विचारायचं नाही. आलो असतो तर बरं झालं असतं, हे कसं म्हणायचं?”

मी फळ्यावर लिहिलं, ‘आय शुड हॅव कम.’ यायला पाहिजे होतं. त्यांनी तो ‘हॅव’ दोनदा गिरवला.

पुढच्या रविवारी पुन्हा बूथ. त्यांनी ते वाक्य म्हटलेलं मला काचेतून ऐकू आलं, कारण ते त्यांनी मोठ्यानं म्हटलं. नंतर बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

“काय म्हणाला?”

“बराच वेळ काही नाही. मग एक वाक्य. मग ठेवला.” त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. “म्हणाला, यू मस्ट बी टायर्ड. हा हुकूम आहे का? मी दमलंच पाहिजे?”

माझ्या गुरुजींचा ‘च’ इथं चालत नव्हता. मी म्हणालो, “नाही. हा मस्ट वेगळा. हा अंदाजाचा. मी शनिवारी वडवणीला घरी गेलो की अप्पा दारातच म्हणतात, दमला असशील. तसं. तुम्ही दमला असाल.”

मग त्यांनी ते जपानीत म्हणून पाहिलं, आधी मनात, मग ओठांवर. “ओत्सुकारे देशो.” पुन्हा म्हटलं.

“आमच्याकडं कामावरून आलेल्या माणसाला असं म्हणतात,” ते म्हणाले. “घरी आलो की मुलगी म्हणायची. बूट काढायच्या आधी. रोज.” मग त्यांनी विचारलं, “इंग्रजीत असं कुणी म्हणतं का? कामावरून आलेल्याला?”

मी आठवून बघितलं. माझ्या पुस्तकांत मला कधी दिसलं नव्हतं. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “वाचलेलं तरी नाही.”

“मग त्याला हे तिनं…”

क्रियापद आलंच नाही. आमच्या दोन्ही भाषांत ते शेवटी येतं, त्यामुळं वाक्य असं मध्येच सोडता येतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते खाली बघत होते. बूथवाला तांब्या घेऊन आला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्यानं पंखा लावला नाही. बाहेर फोनसाठी दोघेतिघे थांबले होते, त्यांना तो दारातूनच म्हणाला, “थांबा जरा. पावणं बसलंय.”

यंत्रं सुरू झाली आणि काही दिवसांत ते गेले. ‘यू मे’ असं कुणी त्यांना म्हणालं का, ते तिकडं गेले का, मला कळलं नाही. निघताना जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “सर, यू मस्ट बी टायर्ड.” अगदी बरोबर म्हणाले. मला त्याचं उत्तर इंग्रजीत येत नव्हतं. आमच्या अप्पांना म्हणतो तेच मी मराठीत म्हणालो, नाही, एवढा काही नाही.