खंडेनवमीचा नारळ आणि भट्टीतलं मीठ

मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी. पारनेर तालुक्यातल्या आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी अभिमानाने सांगतो. अंगात येणं, भानामती, उतारे... कोणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो. आज मीच सांगायला बसलोय.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगरबाहेर मनमाड रोडला एका कारखान्याच्या मागे पत्र्याचं शेड होतं. पुढेमागे अणुभट्टीतली उष्णता वितळलेल्या मिठातून वाहून न्यायची, तर त्यात कुठलं पोलाद टिकतं – याची चाचणी आम्ही तिथे करायचो. जेवणातलं मीठ नव्हे, फ्लोराइडचं. सहाशे डिग्रीला ते पाण्यासारखं पातळ असे. त्यात पाणी गेलं तर क्षणात वाफ होऊन सगळं मीठ अंगावर उडणार. म्हणून शेडमध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा आणायला बंदी.

खंडेनवमी आली. कारखाना बंद, यंत्रांची पूजा. आमची भट्टी मात्र चालू, चाचणी मध्येच थांबवता येत नव्हती. आमचे फिटर नाना घोडेगावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. सकाळपासून त्यांची भुणभुण.

"सायेब, लेथला हार, ड्रिलला हार, आन् हिला काय न्हाई? रुसंल ती."

"बाहेर पॅनेलला हळदकुंकू लावा, नाना. नारळ नको."

"बिननारळाची पूजा व्हय? पोराबिगर बारसं."

ऑपरेटर सॅम्युएल हसला. "आमी न्हाई फोडीत नारळ. माझ्यावर कुठं रुसली?"

"तुझ्यावर रुसून बी काय उपेग."

दुपारी पोलादाचा तुकडा बदलायला सॅम्युएलने भट्टीतल्या मिठाच्या भांड्याचं झाकण उघडलं. मी मीटर बघत होतो. नाना कधी आत आले कळलंच नाही... भट्टीच्या लोखंडी चौकटीवर फाडकन आवाज झाला. वळलो तर नारळाचं पाणी सरळ उघड्या भांड्यात.

सॅम्युएलला ओढून मी जमिनीवर पडलो. डोकं हातांत धरून वाट बघितली... काहीच झालं नाही.

मान वर केली. भांड्यातलं मीठ पांढरं, घट्ट – थंडीत थिजलेल्या तुपासारखं. वर नारळाचं पाणी साचलेलं. तापल्या तव्यावर थेंब नाचतात, ते मला माहीत आहे. हे नाचत नव्हतं, वाफही नव्हती. काटा सहाशेवर, भांडं बाहेरून लाल. नाना अजून भांड्यापाशीच उभे. ती मिठाची खपली तडकली असती तर ते जागीच गेले असते.

"नाना, मागं या..." मी जमिनीवरूनच ओरडलो.

"माझी चूक हाय, मीच निस्तारतो." त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, उजवा हात आत घातला आणि सांडलेलं ताक टिपावं तसं सावकाश पाणी टिपून घेतलं. हात बाहेर आला, आणि मीठ पुन्हा पातळ! सॅम्युएलने कसंबसं झाकण लावलं.

मी नानांचा हात धरला. त्यावरचा केससुद्धा जळला नव्हता.

"गार हुतं, सायेब. हिरीत हात घातल्यागत."

मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांना आम्ही सगळं सांगितलं. ते म्हणाले, मीटर बदला. बदलला. जुना बरोबरच होता.

नानांचा तो हात पुढे कायम गार राहिला, मे महिन्यातसुद्धा. वस्तीतल्या बाया तापलेली पोरं घेऊन त्यांच्याकडे यायच्या. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. मग एकदा माझ्या मुलीचा ताप औषधाने उतरेना. तिला खांद्यावर घेऊन मी नानांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी काही न विचारता तिच्या कपाळावर हात ठेवला. ती झोपली.

मीठ का थिजलं, हात कसा वाचला... माझ्या केमिस्ट्रीत याचं उत्तर नाही. दुसरीकडे शोधायचं मला अजून धाडस झालेलं नाही.