किशिनाऊ ते बोलोन्या

किशिनाऊपासून परदेशातलं बोलोन्या चौदाशे किलोमीटर. शेजारचा गाव्रिल मिनीबस चालवायचा तेव्हा दोन दिवस लागायचे, विमानाला दोन तास लागतात. पण प्रोफिराच्या हिशेबानं एकच तास. दोनला निघणार, तीनला पोचणार. तिकिटावर तिनं स्वतः चष्मा लावून वाचलं होतं. चष्मा लावला म्हणजे माणूस शहाणा होतोच असं नाही.

त्या विमानात सांदा होती. सात वर्षांची पोर, गळ्यात नावाची पाटी, हवाई सुंदरीच्या हवाली. तिची आई, म्हणजे प्रोफिराची लेक व्हेरा, तिकडे पगारावर एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करते. पोर वर्षाची असताना व्हेरा तिकडे गेली, आणि कागदपत्रं नव्हती म्हणून परत येता आलं नाही. पोर प्रोफिरालाच आई म्हणू लागली. ‘अगं, मी आजी’ असं प्रोफिरानं कधी सांगितलंच नाही. खोटं कशाला बोला, ती हाक तिला गोड लागायची.

आता कागद झाले आणि व्हेरानं पोर मागितली. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

तीन वाजले, फोन नाही. साडेतीन झाले. चुलीवर मक्याची उकड करपली तरी तिला वास आला नाही. छातीवर दहादा क्रूसाची खूण करून झाली. मग ‘पडलं विमान!’ असं म्हणत ती अनवाणीच कुंपणाकडे धावली. पलीकडे गाव्रिल द्राक्षवेल छाटत होता.

“भाऊ, घात झाला हो! तीनला पोचणार होती पोर!”

“कुणी सांगितलं?”

“तिकिटावर लिहिलंय!”

गाव्रिलला हसू आवरेना. “अहो वहिनी, ते तिकडचे तीन! तिकडचं घड्याळ आपल्यामागे तासभर. पोरगी अजून आभाळात बिस्किटं खातेय. उगाच कशाला त्या वैमानिकाला मारताय?”

“मेल्या, आधी सांगायला जीभ झडली होती?” ती मटकन खाली बसली आणि रडता रडता हसली.

चार वाजून गेल्यावर कुंपणापाशीच तिच्या हातातला फोन वाजला. व्हेराला हुंदका आवरत नव्हता.

“आई, सुखरूप उतरली गं. पण माझ्याकडे येईना. त्या विमानातल्या बाईचा हातच सोडत नाही. बाई म्हणते, पोरीनं ओळखल्याशिवाय कशी देऊ? तूच सांग पोरीला.”

मग सांदाचा आवाज आला. “आई, तू मला न्यायला कधी येतेस?”

‘येते’ एवढा एकच शब्द प्रोफिरा बोलली असती तर पोर तिथून हलली नसती. गाव्रिलनं वेलीकडे तोंड फिरवलं.

“सांदा, बाळा, समोर आहे ना, ती तुझी आई. जा, तिचा हात धर.”

“मग तू कोण?”

“मी तुझ्या आईची आई,” प्रोफिरा म्हणाली. “मला आजी म्हण.”