पाच कोपऱ्यांची फरशी

फरशीवाल्याने जन्मभर लोकांच्या खोल्या आरशासारख्या केल्या आणि स्वतःच्या घरात मात्र नुसता कोबा. बायको शिवणकाम करी. मशीन खड्ड्यात डगमगली की ती नवऱ्याचा यथासांग उद्धार करायची. शेवटी त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. "उकिडवं बसणं आता बंद," डॉक्टर म्हणाले. फार गयावया केल्यावर एका खोलीपुरती सूट मिळाली. ती अर्थातच घरची.

पण साधी फरशी बसवेल तर तो कसला! त्रिकोण, चौकोन, षटकोन सगळे त्याच्या हातून जमिनीवर उतरले होते. पंचकोन तेवढा राहिला होता. तो कुणीच का मागत नाही, हे कोडं त्याला कधीपासून छळत होतं. त्याने पाचही बाजू आणि कोपरे सारखे ठेवून फरश्या कापल्या आणि मांडायला घेतल्या. तीन कोपरे एकत्र आणले की फट उरायची आणि चौथा काही केल्या त्या फटीत शिरेना. षटकोनाचे तीन कोपरे तर गुण्यागोविंदाने मिळतात, मग याचंच घोडं कुठे अडलं?

"अहो, फरशी बसवताय की पत्ते मांडताय?" बायकोने विचारलं.

"पाच बाजूंचं जमतच नाही गं."

"मग मी खिसे कसे कापते?" तिने शर्टाचा खिसा त्याच्यापुढे टाकला. वर सरळ, दोन कडा उभ्या, खाली टोक. "मोजा बाजू. एक ओळ सुलटी, एक उलटी, टोकं खाचांत बसतात. चिंधीसुद्धा वाया जात नाही."

त्याने मोजल्या. पाचच. "पण सारख्या कुठे आहेत?"

"सारख्या हव्यात असं म्हणालं कोण?"

कुणीच नाही. सरळ बाजूंनी आकृती बंद झाली की झाला बहुकोन. बाकीची अट त्याने स्वतःच घालून घेतली होती. त्याला हसू आवरेना.

खिशाच्या आकाराच्या फरश्या कापून त्याने ओळी धरल्या. कुठे फट म्हणून नाही! अर्धी खोली झाली आणि गुडघे टम्म सुजले. उठवेना की बसवेना. हातचं शेवटचं काम अर्धवट राहणार, या विचाराने त्याला रडू आलं.

बायकोने मशीन थांबवली आणि थापी उचलली. "सिमेंटचा माल किती घेऊ, सांगा."

तो भिंतीला टेकून सांगत गेला, ती बसवत गेली. तिची एक फरशी केसभर वर राहिली. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने ती तिथल्या तिथे उखडायला लावली असती.

"राहू दे," तो म्हणाला, "पुढची घे."