कूस बदलताना

लोंढ्याच्या जयाबाईचा नवरा भरमू फणसाच्या झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पुढं चार वर्षं तो खाटेवरच होता. जयाबाई सकाळी त्याचं अंग पुसायची, भरवायची, मग दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला जायची आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत पळत येऊन बघून जायची. शेवटच्या वर्षी त्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्या काही केल्या भरल्या नाहीत. भरमू गेला तेव्हा आयाबाया म्हणाल्या, अशी सेवा करणारी बायको नशिबानंच मिळते.

मागं राहिल्या ती आणि शाळेतली लेक माधवी. मजुरी मिळाली तर मिळाली, नाहीतर हातावर हात. अशात अंगणवाडीच्या मालुबाईनं निरोप आणला. घर एकटीनं ओढणाऱ्या बायकांना बेळगावात एक संस्था आजारी माणसाची शुश्रूषा शिकवत होती. रेल्वेचा पास तेच काढून देणार, शिकल्यावर कामही बघून देणार.

जयाबाईला हसू आलं. "ह्यात शिकायचं काय असतंय गं? माझी चार वर्षं त्यातच गेली की."

तरी ती गेली. शिकवणारी शाल्मली नर्स होती, जयाबाईपेक्षा वयानं लहान. वर्गात निम्म्या बाया कन्नड बोलणाऱ्या, म्हणून ती एक वाक्य मराठीत सांगायची आणि तेच पुन्हा कन्नडात. ताप मोजणं, नळीतून पातळ अन्न देणं, खाटेवरच्या माणसाला न उठवता चादर बदलणं हे सगळं जयाबाईच्या हाताला लगेच बसलं. बाकीच्या बाया तिला विचारून करू लागल्या. तिलाही बरं वाटायचं.

मग एका दुपारी शाल्मलीनं पाठीच्या जखमांचा धडा घेतला. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हाडाच्या जागी अंग दबू द्यायचं नाही, आणि कातडी लाल दिसली की तिथंच सावध व्हायचं. एवढं केलं तर बहुतेक जखमा होतच नाहीत, असं ती म्हणाली.

जयाबाई उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसली. भरमू दिवसभर पाठीवर तसाच असायचा. शेतावर जाताना ती त्याला नीट सरळ निजवून जायची, हलू नको म्हणून बजावायची सुद्धा. जखमांवर रोज हळद भरायची. तो दात आवळून भिंतीकडं बघत राहायचा.

वर्ग सुटल्यावर शाल्मली तिच्या शेजारी येऊन टेकली. जयाबाईच आधी बोलली. "माझ्यामुळं सोसलं त्यानी. मला वाटायचं, मी लई करतोय."

शाल्मली म्हणाली, "माझ्या आजीलाही झाल्या होत्या, जयाबाई. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर आणि घरी आई एकटी. नर्सच्या घरात झाल्या."

"मग तुमी काय केलासा?"

"रडले. नंतर हे शिकवायला लागले."

दुसऱ्या दिवशी जयाबाई नेहमीच्या गाडीनं आली.

शिकणं संपल्यावर तिला बेळगावातच टिळकवाडीत काम मिळालं. राघवेंद्रराव बँकेतून निवृत्त झालेले, अर्धांगवायूनं पडलेले. त्यांची बायको वसुधाकाकू पहिले काही दिवस दारातून नजर ठेवून असायच्या. परक्या बाईच्या हाती नवरा द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. जयाबाईला ते कळत होतं. ती प्रत्येक गोष्ट आधी राघवेंद्ररावांना सांगायची, "अण्णा, आता डाव्या अंगावर वळवतो हं," आणि मगच हात लावायची.

एकदा काकूंनी स्वतः त्यांना उचलायला घेतलं आणि कंबर धरून खाली बसल्या. जयाबाईनं दुमडलेली चादर खाली सरकवून दोघींनी मिळून कसं वळवायचं ते दाखवलं. काकूंना ते सहज जमलं. नवरा आपल्याकडं तोंड करून वळलेला बघून त्या त्याच्या कपाळावरचे केस सारत कितीतरी वेळ बसल्या. त्या दिवसापासून जयाबाईचा चहा त्यांच्याबरोबर व्हायला लागला.

आता माधवी खानापूरच्या कॉलेजात जाते. जयाबाईला सुट्टी रविवारची. त्या दिवशी ती आधी गावातल्या भावकू आप्पाच्या घरी जाते. म्हातारा भावकू पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलाय, आणि त्याच्या सुनेला शेत, गुरं, पोरं सगळं बघायचंय. पहिल्यांदा जयाबाई न बोलावताच गेली होती. पाठ बघितली, तर नुसती लाल झाली होती.

"येळ हाय अजून," ती सुनेला म्हणाली. "तुला शेताला जावं लागतंय, मला ठावं हाय. जाताना ह्या कुशीवर, दुपारी त्या कुशीवर. मधी शेजारच्या काकीला हाक मार. एकटीनं करायचं न्हाय गं हे."

मग दोघींनी मिळून आप्पाला वळवलं, पाठीमागं गोधडीची घडी लावली. म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "गार वाटलं बघ, पोरी."

जयाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ तशीच बसली. मग सुनेला म्हणाली, आता काकीला हाक मार, तुमी दोघींनी करून दाखवा.