दोरी अजून वर घ्या

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून अंगणातली कपड्याची दोरी वर बांधली. म्हातारीसोबत केलेलं ते शेवटचं काम. काम कसलं, भांडणच. मी स्टुलावर उभा आणि ती खालून हुकूम सोडून राहिली.

"अजून वर घ्या."

"अगं, तुझा हात तरी पुरंल का इथं?"

"माझ्या हाताचं ऱ्हाऊ द्या. पोरीच्या तोंडावर रोज ओले कपडे आपटून राहिले, ते दिसत न्हाई का तुमाला?"

पोरगी म्हणजे आमची नात, लेकाची लेक. बारावीत गेली तोवर तिनं घरातल्या सगळ्यांना मागं टाकलं होतं, बापालासुद्धा. कुणावर गेली देव जाणे, आमच्या दोन्हीकडे सगळे ठेंगणे. म्हातारी तर एवढीशी, की ज्वारीत शिरली तर हाका मारून शोधावी लागायची.

गाव पोरीला टावर म्हणायचं. कॉलेजसाठी जवळच्या गोरेगावला जाताना जीपवाला म्हणायचा, "ताई, खाली सरका, टप फाटंल." पोरगी वाकून चालायला लागली. खांदे आत, नजर पायाशी. एकदा शेजारीण विचारायला आली, "पोरीचं काय हरवलं वो? रोज खाली बघून शोधून राहिली."

वर म्हणाली, "अन् एवढ्या लांब पोरीला नवरा कुठून आणता?"

"काल शेवग्याच्या शेंगा तोडायला काहून बोलावलं व्हतं तिला?" म्हातारी म्हणाली. "तवा बरी लांब व्हती."

शेजारीण गेली, पण म्हातारीला ते लागलं. रातच्याला जेवताना मला म्हणाली, "पोरगी वाकायला कुठं शिकली, ठाव हाय का? आपल्याच घरात. दोरी आली, वाक. आरसा आला, वाक. दार आलं, वाक. आपणच तिला वाकवून राहिलो, मंग गावाला काय बोलायचं?"

तिथून तिनं घर उचलायला घेतलं. आरशाचा खिळा वर ठोकला. भांड्यांची फळी वर गेली. आता तिचाच हात कशाला पुरंना. स्टूल घेऊन घरभर फिरायची. कुंकू लावायचं तर आधी स्टूल मांडायची, आणि तोल सांभाळता सांभाळता कुंकू भुवईला लागायचं. मी हसलो तर म्हणायची, "मला स्टूल हाय. तिनं काय गुडघे कापून घ्यावे?"

राहिलं होतं ते दार. पण दाराची चौकट सागाची. घर बांधलं तेव्हा हिंगोलीहून बैलगाडीत घालून मी स्वतः आणलेली. नवीनपणी गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची. त्या सकाळी दोरीला गाठ मारून मी खाली उतरलो, तर ही दाराकडं बघून राहिलेली.

"आता ते."

"त्याला हात लावायचा न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा."

"तुमी कुठं लवकर मरता?" ती म्हणाली, आणि ओलं लुगडं काठीनं दोरीवर फेकलं. ते माझ्या डोक्यावर पडलं. लई हसली.

दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. नात म्हणाली, "आजीला मी खांदा देते." पोरीच्या जातीनं खांदा द्यायला कुणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती वेगळीच. "तिरडी एका अंगाला होईल," शेजारी म्हणाला, कारण पुढच्या दुसऱ्या खांद्याला तो होता, आणि तो ठेंगणा.

लेक मडकं धरून पुढं चालला. त्याच्यामागं नात. तिरडी बराबर राहावी म्हणून गुडघ्यात वाकून, मान खाली घालून, बदकासारखी. मला ते बघवंना.

"ताठ चाल," मी मागून ओरडलो. "तुझ्या आजीला वाकलेलं चालत न्हाई."

"अन् तिरडी?" शेजारी म्हणाला.

"तू टाचा वर कर."

पोरगी ताठ झाली. शेजारी नदीपर्यंत चवड्यावर चालला. सगळ्या जन्मात माझी बायको एवढ्या उंचावरून कधी गेली नव्हती.

परत आलो. नात आंघोळ करून घरात जायला निघाली. सगळ्या गावातून ताठ गेलेली पोर आमच्या दारात आली आणि वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेतला आणि म्हातारीच्या स्टुलावर चढलो. वर पत्रे, दारावर फक्त हातभर मातीची भिंत. आमच्या घरी चूल बंद, म्हणून शेजारीण चहाची किटली घेऊन आली.

"काका! सुतकात भिंत फोडून राहिले? डोकं फिरलं का काय?"

"फिरलं असंल. बाजूला सरक, माती पडंल."

चौकटीच्या वरच्या लाकडाला दोन घाव घातले तर माझाच हात भरून आला. नात बाहेर आली. किटलीतला चहा पेल्यात ओतून माझ्या हातात दिला आणि हातोडा काढून घेतला.

"उतरा आबा."

मी उतरलो. तिनं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं, तिला ते लागत नव्हतं. मी त्याच्यावर बसलो. तिनं मान वर करून घाव घातला. माती माझ्या चहात पडली. तसाच प्यालो.